गावपळणीतली आते

धाकटा भाऊ समुद्रात गेला, त्यानंतर वर्षभर मी देवाला हात जोडले नव्हते. रागावलो होतो म्हणावं, तर राग तरी होता की नाही कोण जाणे. मला एक प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत हात जोडायचे नाहीत, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. भावाची होडी मालवणच्या खडकांवर आपटून उलटली तेव्हा आम्ही सगळे किनाऱ्यावरच उभे होतो. बाकीचे गडी पोहत बाहेर आले. तो मात्र वल्ह्याला धरून बराच वेळ पाण्यात दिसत होता. लाटा अशा उसळत होत्या की किनाऱ्यावरून होडी लोटणं शक्यच नव्हतं; पण त्याच्या पलीकडे, खोल पाण्यात, दोन-तीन गलबतं नांगर टाकून उभी होती. आई वाळूत बसून ओरडत होती, "कोणाक तरी धाड रे म्हाराजा, कोणाक तरी धाड!" कोणी आलं नाही. मग तो दिसेनासा झाला. माझा प्रश्न एवढाच होता: जो सगळ्यांची हाक ऐकतो म्हणतात, त्याने आईची हाक ऐकली असेल, तर कोणाला पाठवलं का नाही? आई मात्र दिवस-कार्य उरकल्यावर पुन्हा संध्याकाळी देवापुढे वात लावू लागली. मी तिला एकदा टोचून बोललो, तेव्हा ती म्हणाली, "वात इजवून माझो झील परत येतलो काय?"

मी बंदरावर आगबोटीच्या कचेरीत कारकून होतो. उतारूंना कुठून आलात, कुठे जाणार, बोचक्यात काय आहे, हे विचारत दिवस जायचा. प्रश्न विचारायचाच पगार मिळत असल्यामुळे ती खोड घरीदारीही सुटत नसे. त्या वर्षीच्या जूनमध्ये आमच्या हायस्कुलात कोल्हापूरकडचे एक कवायतीचे मास्तर आले, पाटणकर नावाचे. उंच, काटकुळे, खाकी अर्धी चड्डी आणि पायांत लष्करी बूट. मुलांचं बालवीर पथक त्यांच्याकडे होतं. पण मुलं बरोबर नसली तरीसुद्धा हे गृहस्थ सुट्टी मिळाली की पाठीला पिशवी बांधून, खाकी राहुटी घेऊन कुठेतरी जाऊन उघड्यावर झोपत. मालवणात याची भरपूर चेष्टा चाले. घरात खाट असताना माणूस वाळूत का झोपतो? बायकोशी भांडण असावं म्हणावं, तर लग्नाचाच पत्ता नव्हता. मला राहवेना. एक दिवस मी त्यांना सरळ विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "एकदा झोपून बघा कारकून, मग तुम्हीच मला सांगा." आमची ओळख झाली ती अशी.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीचा तो हिवाळा. मार्गशीर्ष नुकताच लागला होता. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी संपवून निघायचं, धामापूरच्या तलावाकाठी राहुटी ठोकायची आणि रविवारी संध्याकाळी परतायचं, असा आमचा बेत ठरला. मी घोंगडी, तांदूळ, सुके बांगडे अशी बांधाबांध करून बसलो होतो. तेवढ्यात पाटणकर आले ते बाहेरूनच ओरडत. "बेत बदलला! उत्तरेकडच्या एका गावाने काल सकाळी गाव सोडलं म्हणे. गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं घेऊन. मासेवाली सांगत होती. खरं का हो?"

खरंच होतं ते. गावपळण म्हणतात त्याला. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाला कौल लावतात, आणि देवाने कौल दिला की अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर जाऊन झोपड्यांत राहतं. मागे जीव म्हणून काही ठेवायचं नाही. तेवढे दिवस ते गाव देवाचं, माणसाने तिथे पाऊल टाकायचं नाही. मी हे लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण पाहिलं कधीच नव्हतं. पाटणकरांना तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. "मी एकटा राहुटीत झोपलो की तुमचं मालवण हसतं, आणि इथे आख्खा गाव राहुटीत निघालाय! हे बघायलाच पाहिजे." देवाधर्माचं काही असेल तिकडे फिरकायचं नाही, हा माझा वर्षभराचा नेम. पण कुतूहलापुढे नेम कसला टिकतो! गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथल्या माणसांना ते आवडणार नाही.

किनाऱ्याकिनाऱ्याने, कधी वाळूतून तर कधी माडांच्या बागांतून, वाटेतल्या खाड्या तरीने ओलांडून दिवस मावळताना आम्ही तिथे पोचलो. शिवेबाहेरच्या माळावर माडाच्या झावळांच्या झोपड्या उभ्या होत्या. तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या, बैल खुंटांना बांधले होते, टोपलीखाली कोंबड्या कुरकुरत होत्या. पाटणकरांनी आपली राहुटी ठोकली तशी बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. पण हसून झाल्यावर पहिलं जेवण त्यांनीच घातलं. बाबल नावाच्या एका शेतकऱ्याच्या झोपडीत आम्ही तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, कढी आणि भाकरी खाल्ली. माझी चौकशी सुरूच होती. काय काय आणलंत? काय विसरलं? घरात कोण कोण असतं? बाबलची बायको हसत म्हणाली, "मालवणचे पावणे काय जकात घेतलेत काय?" आणि मग तिने सगळं सांगितलं. घरात सासऱ्यांची एक विधवा बहीण होती, सगळे तिला आते म्हणत. वय झालेलं, कानाने कमी. ती सध्या धाकट्या दिराकडे, म्हणजे आबाकडे होती. आबाची झोपडी माळाच्या पार दुसऱ्या टोकाला. का, ते मी विचारलं नसतं तरच नवल. दोन भावांच्या वाटण्या झालेल्या, कुंपणावरच्या एका फणसावरून बोलणं बंद झालेलं. दर साल फणस दोन्ही अंगणांत फळं टाकायचा, पण या अंगणातला शब्द त्या अंगणात जात नसे. आते तेवढी दोघांची. एक महिना इथे, एक महिना तिथे. अमावास्या झाली की ती आपलं बोचकं उचलून दुसऱ्या दारात जायची.

राहुटीत झोपणं मात्र पाटणकर सांगत तसं सुखाचं काही नव्हतं. थंडीने माझे दात वाजत होते आणि घोंगडीखाली नेमका एक दगड आला होता. सकाळी ते मला माळाच्या दुसऱ्या टोकाला फिरायला घेऊन गेले, तर आबाच्या बायकोने हाक मारून पेजेला बसवलं. मी इथेही तेच प्रश्न विचारले आणि बोलता बोलता म्हणालो, "आते दिसत नाहीत कुठे?"

"आते थोरल्यांकडे आसा," ती म्हणाली. "अजून आमच्याकडे येवक नाय."

"पण तुमच्या थोरल्या जाऊबाई तर म्हणाल्या, त्या तुमच्याकडे आहेत."

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. क्षणभर तिने माझ्याकडे बघितलं आणि मग ती झोपडीबाहेर धावली. नवऱ्याला हाक मारताना तिचा आवाज चिरकला होता.

झालं होतं ते इतकं साधं होतं, की सांगतानाही विश्वास बसू नये. पाळी बदलायची अमावास्या नेमकी गाव सोडायच्या आदल्या दिवशी आली. त्या धांदलीत थोरल्याला वाटलं, आते धाकट्याकडे गेली. धाकट्याला वाटलं, ती अजून यायची आहे. कुठल्याही घरात कुणीतरी सहज विचारलं असतं. इथे विचारायचं कोणी? दोन्ही झोपड्यांत जेवलेले असे आम्ही दोघंच उपरे होतो. माळभर शोधाशोध झाली. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "शिवेपर्यंत माझ्यावांगडा होती. मगे म्हणाली, खुडूक कोंबडी घरात रवली, ती घेवन येतंय. मी म्हटलंय, इली आसतली."

म्हणजे जीव म्हणून काही मागे ठेवू नये, हा देवाचा हुकूम पाळायलाच आते परत गेली होती. त्याला आता दोन रात्री उलटल्या होत्या.

शिवेवर एक दगड आहे, तिथे सगळा गाव जमला. पलीकडे वाट सरळ गावात जात होती. थोरल्या बाबलने पाऊल उचललं, तर दोघांनी त्याला मागे धरलं. कोणाचंही काळीज दगडाचं नव्हतं. पण हुकूम मोडला तर साऱ्या गावावर काय ओढवेल, ही भीती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती. कौल लावावा, तर देऊळच शिवेच्या आत. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे घाडीबाबा दगडापाशी नुसते उभे होते. धाकटा आबा लहान पोरासारखा रडत होता. इतक्या महिन्यांत मालवणात मी पाटणकरांची पुष्कळ चेष्टा केली होती, पण त्या क्षणी फक्त त्यांनाच सुचलं. ते पुढे झाले आणि म्हणाले, "बाबा, हा हुकूम आम्हाला आहे का? आम्ही या गावचे नाही."

घाडीबाबांनी त्यांच्याकडे आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी डोकीचं फडकं काढलं, दगडावर नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा तुझ्या हुकमान शिवेभायर ऱ्हवली हत. पण एक म्हातारी चुकान तुझ्या पदरात ऱ्हवली." "होय म्हाराजा!" गाव एका आवाजात म्हणालं. "हे दोन पावणे तिका आणूक येतत. तेंका तुझा काय ठावक नाय. तू तेंच्या पुढे ऱ्हव, तू तेंच्या पाठी ऱ्हव, म्हातारीक सुखरूप भायर काड." "होय म्हाराजा!" माझ्या तोंडून काही ते शब्द निघाले नाहीत. देवाकडून मी वर्षभर उत्तर मागत होतो, आणि इथे मलाच त्याच्या हवाली करत होते. हे काय चाललंय, असं मला वाटत होतं. पाटणकरांनी राहुटी गुंडाळून खांद्यावर टाकली, पाण्याची बाटली भरून घेतली, आणि आम्ही शीव ओलांडली.

अशी शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नाही. दारांना कड्या, तुळशीपुढे विझलेली पणती, अंगणात दोन दिवसांची पानं, विहिरीवर उपडी घातलेली कळशी. एरवी गावात शिरलो की आधी कुत्रं भुंकतं, मग कोणीतरी "कोण तां?" विचारतं. इथे आमच्या बुटांचाच आवाज आम्हाला दचकवत होता. मला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी एकेका घरात डोकावून बघावंसंही वाटत होतं; माझा स्वभाव काही शिवेबाहेर राहिला नव्हता. खूण सांगितली होती ती फणसाची. पण त्या गावात दर कुंपणाला फणस होता. दोन-चार घरांच्या मागची-पुढची अंगणं पालथी घातली. हाका माराव्यात तर आते बहिरी. पाटणकरसुद्धा गोंधळून उभे राहिले. मी म्हणालो, आता काय करायचं?

तेव्हा कोंबडी कुरकुरली.

मी हे जसं घडलं तसंच सांगतोय. एरवी त्या गावात शेकडो कोंबड्या, एकीचा आवाज कोण ऐकणार! त्या सकाळी साऱ्या गावात तेवढा एकच आवाज होता, आणि तो उजव्या हाताच्या घराच्या परसातून येत होता. आम्ही धावलो. मागच्या दाराच्या जांभ्याच्या पायऱ्यांखाली आते पडली होती. एक पाय विचित्र वळलेला. थंडीपासून आडोसा म्हणून तिने पडल्या पडल्या एक झावळ अंगावर ओढून घेतली होती. कोंबडी पलीकडे टोपलीत अंड्यांवर बसून होती. आतेने डोळे उघडले. ओठ सुकून पांढरे पडले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी सहज, उशिरा आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली,

"इलंस? उशीर केलंस रे झिला."

पाटणकरांनी तिला थेंब थेंब पाणी पाजलं. पुढचं त्यांचं काम बघण्यासारखं होतं. राहुटीच्या काठ्यांतली एक मोडून त्यांनी पाय बांधला, उरलेल्या काठ्यांना कापड गुंडाळून झोळी केली. ज्या राहुटीला सारं मालवण हसलं, तिच्यातून आतेला आम्ही बाहेर आणलं. पायाला धक्का बसला की ती विव्हळायची, आणि मधूनच विचारायची, "कोंबडी घेतलंस मां?" मी कोंबडी काखेत घेऊन झोळीचं एक टोक धरलं होतं. ती मला वाटभर चोची मारत होती. अंडी तेवढी देवाच्या गावातच राहिली.

शिवेवर पोचलो तेव्हा दोन्ही भाऊ पुढे आले. एकाने पुढचं टोक घेतलं, एकाने मागचं. "सांभाळून रे," थोरला म्हणाला. "तू पुढे बघ," धाकटा म्हणाला. एवढंच ते बोलले, पण सारं गाव ते ऐकत होतं.

बैलगाडीत गवत घालून आतेला मालवणच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. भाऊ पुढे बैल हाकत होते, पाटणकर मागून चालत होते आणि मी आतेच्या उशाशी बसलो होतो. तिला थोडी पेज पोटात गेल्यावर हुशारी आली होती. माझ्या मनात सकाळपासून तिचं ते वाक्य घोळत होतं. शेवटी तिच्या कानाशी वाकून मी मोठ्याने विचारलं, "आते, आमी येतलव ह्या तुका कसा ठावक?"

"माका खंय ठावक?" ती म्हणाली. "मियां तेका सांगलंय, माका उठूक जमणा नाय, कोणाक तरी धाड. सांगणा माझा, धाडणा तेचा."

कोणाक तरी धाड. आईचेच शब्द होते ते. तिला माझ्या भावाची गोष्ट माहीत असायचं काही कारणच नव्हतं. तरी मी विचारून बसलो, "आणि धाडलेलो इलोच नाय तर?"

"मगे दुसऱ्याक धाडता."

"तो पण नाय इलो तर?"

"मगे माणूस मरता रे." तिने हे अगदी सरळपणे सांगितलं. गाडी खडखडत चालली होती. मग तीच म्हणाली, "तेका तरी धाडूक कोण मेळता? माणसांच मां? माणसा येतत, नाय येत. तो धाडूचा सोडणा नाय."

मी गाडीची दांडी धरून ढसाढसा रडलो. भाऊ गेला तेव्हाही असा रडलो नव्हतो. पाटणकर मागून सगळं बघत होते, पण त्यांनी काही विचारलं नाही. माझ्यासारखा प्रश्न विचारणारा माणूस मित्र म्हणून मिळाला नाही, हीसुद्धा देवाची कृपाच म्हणायची.

आते जगली. काठी टेकत का होईना, पुढे पुष्कळ वर्षं दोन्ही दारांत फिरत राहिली. भावांचं फणसाचं भांडण पुरतं मिटलं असं मला सांगता येणार नाही. पण अमावास्येला आतेचं बोचकं आता एकजण दुसऱ्याच्या हातात देतो आणि मगच घरी जातो, असं पुढच्या खेपेला कळलं.

त्या रविवारी घरी पोचलो तेव्हा आई देवापुढे वात लावत होती. मी तिच्यामागे उभा राहून तिला सगळं सांगितलं. आतेचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आणि सांगता सांगताच मला उमजलं, की आम्ही बेत न बदलता धामापूरला गेलो असतो, तर तलावाकाठी मजेत बांगडे भाजून खाल्ले असते, सोमवारी कचेरीत आलो असतो, आणि आपल्याला कोणीतरी कुठेतरी धाडलं होतं, हे मला जन्मात कळलं नसतं. तेही मी आईला म्हणालो.

आईने वात पुढे सारली. मग ज्योतीकडे बघतच म्हणाली, "मगे त्या दिसाच्या गलबतावरच्या माणसाक पण ठावक नसतला रे. तेका बिचाऱ्याक काय बोल लावतलंस?"

वर्षभर मी देवाकडे उत्तर मागत होतो, ते मला आईकडून मिळालं. तिच्या शेजारी उभं राहून मी हात जोडले. मागावं असं काही सुचलं नाही. मी आहे इथे, लागलो तर धाड, एवढंच मनात म्हणालो. तेव्हापासून रोज संध्याकाळी तेवढंच म्हणतो.